शैलाकाकूंचा वकील

शैलाकाकूंनी आयुष्यात कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या या गुणावरच मी भाळले. परदेशात आलेली आपली माणसं भलतीच उदार होतात. ज्यानं ऑफिसात पाय ओढले त्याच्याच घरी बार्बेक्यूला जातात, "जाऊ दे गं, ऑल गुड" म्हणतात आणि घरी येऊन ॲसिडिटीची गोळी शोधत बसतात. मोठ्या मनाच्या माणसांचा मला पहिल्यापासून संशय येतो. काकूंचं मन मोठं नव्हतं. त्यात मोजक्याच गोष्टी होत्या, पण सगळ्या जागच्या जागी होत्या.

त्या आमच्या शेजारी राहायच्या. क्राइस्टचर्चमधलं हॉर्नबी संपलं, म्हणजे तिथली गोदामं आणि कारखाने मागे पडले, की कुरणं सुरू होतात. त्या कुरणांत त्यांचं घर आणि आमचं घर, मध्ये तारेचं कुंपण. पुण्यात त्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये होत्या. मुकुंदकाका इंजिनिअर. भूकंपानंतर हे शहर पुन्हा उभं करायला जी माणसं आली त्यांत ते आले आणि इथेच रमले. काकू रमल्या की नाही, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. ठेंगण्या, ताठ, अंगात सलवार-कमीज, त्यावर काकांचं जुनं लोकरीचं जॅकेट आणि पायात गमबूट, अशा त्या दिवसभर आवारात असायच्या. कुणी त्यांना काही लागेल असं बोललं की गोड हसायच्या आणि म्हणायच्या, "लक्षात ठेवीन हं." ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई किती प्रेमळ.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते इथल्या मराठी मंडळाच्या होळीच्या कार्यक्रमात. काकूंनी पुरणपोळ्या आणल्या होत्या. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी एक पोळी उचलून उजेडात धरली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पुरण बाहेर आलंय, पण चव छान आहे हं काकू."

"लक्षात ठेवीन," काकू म्हणाल्या.

त्यानंतर बाईंनी गणपतीला अळूवड्या आणल्या की काकूंच्याही अळूवड्या, शेजारच्याच ताटात. बाईंचे उकडीचे मोदक आले की काकूंचेही मोदक, आणि कळ्या अशा की लोक खायच्या आधी फोटो काढायचे. काकू एक शब्द बोलायच्या नाहीत. आपलं ताट बाईंच्या ताटाला लावून ठेवायच्या आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसायच्या. बाईंचं ताट भरलेलं परत जायचं. शेवटी बाईंनी हात टेकले आणि नुसत्या कागदी प्लेट्स आणायला लागल्या. पुढच्या कार्यक्रमाला काकू थेट ऑकलंडच्या पापाटोएटोहून मागवलेली केळीची पानं घेऊन आल्या. त्या दिवशी घरी येताना गाडीत मी पोट धरून हसले. काकू हसल्या नाहीत. "पोळी फुटली होती, ते खरं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर जास्त लागलं."

मुकुंदकाका याच्या अगदी उलट. कुणाशी वैर नाही, कशाचा हट्ट नाही. एकच इच्छा त्यांनी सांगून ठेवली होती. आपली रक्षा नाशिकला न्यायची नाही, इथेच खड्ड्यात घालायची आणि वर जर्दाळूचं झाड लावायचं. ते जुलैत गेले, इथल्या ऐन थंडीत. पुण्याच्या नातेवाइकांनी फोनवर बरीच आदळआपट केली, पण काकूंनी ऐकलं नाही. त्यांचा मुलगा अमेय ऑकलंडला, फ्लॅट बुशमध्ये राहतो, आयटीत आहे. तो आला, त्यानं खड्डा खणला, काकूंनी रक्षा घातली आणि नर्सरीतून आणलेलं काठीएवढं रोप त्यावर लावलं. खोडाभोवती काकूंनी स्वतःच्या हातानं तारेची जाळी बसवली, कारण या भागात ससे फार, आणि थंडीत गवत कमी झालं की ते कोवळ्या झाडांची साल खातात.

वर्षभर ते झाड म्हणजे काकूंचा संसार होता. सकाळचा चहा त्या तिथे उभ्या राहून प्यायच्या. काय बोलायच्या ते मला ऐकू यायचं नाही, पण बोलायच्या हे दिसायचं. एकदा तर भांडताना दिसल्या.

वर्षश्राद्धाला अमेय पुन्हा आला. जेवणं झाल्यावर त्याला झाडाबरोबर फोटो हवा होता. "आई, ही जाळी किती अग्ली दिसते," असं म्हणत त्यानं ती उपटली, कुंपणाला टेकवून ठेवली, खोडावर हात ठेवून उभा राहिला आणि मीच त्याच्या फोनवर फोटो काढले. फोटो खरंच चांगले आले. मग त्याच्या विमानाची वेळ झाली आणि सगळी धांदल उडाली. जाळी कुंपणाशीच राहिली.

सकाळी काकूंनी मला हाक मारली नाही. मीच खिडकीतून त्यांना झाडापाशी बसलेलं पाहिलं आणि गेले. खोडाची साल जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत, चारी बाजूंनी, नीट सोललेली होती. आत पांढरं लाकूड दिसत होतं. मी कुंपणाकडे पाहिलं. काकूंनीही पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

रविवारी अमेयचा नेहमीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. काकूंनी सांगितलं, सशांनी झाड खाल्लं.

"ओह नो," तो स्पीकरवर म्हणाला. "आई, गार्ड लावला नव्हतास का?"

मी काकूंकडे बघितलं. त्यांचा चेहरा हलला नाही.

"राहिला असेल," त्या म्हणाल्या.

अमेय वाईट मुलगा नाही, हे इथेच सांगायला हवं. महागडी लोकरीची पांघरुणं पाठवायचा, दर रविवारी न चुकता फोन करायचा, फ्लॅट बुशच्या मोठ्या घरात आईसाठी खालची खोली तयार ठेवून होता. त्याला खरोखरच आठवत नव्हतं. आपल्या हातून काय झालं ते तो विमानात बसायच्या आधीच विसरला होता, आणि मी काकूंच्या जागी असते तर हेच मला सहन झालं नसतं. काकूंना झालं का, हे मी पुढची दोन वर्षं बघत राहिले. एवढं नक्की ठाऊक होतं की पोळीवरून डूख धरणारी ही बाई हे सोडून देणार नाही. पण पोटच्या पोरावर उट्टं कसं काढायचं, हा पेच त्यांना पडला असणार.

वसंतात झाडाला फुलं आली. सात-आठ पांढरी फुलं बघून मला वेडी आशा वाटली. काकू म्हणाल्या, "आतला साठा आहे तो. संपेल." आणि संपला. पाकळ्या गळल्या, पानं फुटता फुटता सुकली. वाळलेलं झाड त्यांनी काढलं नाही. त्याच आठवड्यात त्या गमबूट घालून रस्त्यापलीकडच्या ग्रॅहम नावाच्या शेतकऱ्याकडे गेल्या आणि येताना काखेत एक कुत्र्याचं पिल्लू घेऊन आल्या.

ग्रॅहमकडे लर्चर कुत्री होती. ग्रेहाउंडचा वेग आणि दुसऱ्या एखाद्या जातीची अक्कल एकत्र यावी म्हणून केलेला हा संकर. कुत्रा उंच, सडपातळ, दिसायला गरीब, आणि ससा धरण्यात पटाईत. हे पिल्लू करड्या रंगाचं होतं, नुसते पाय आणि नाक. पंधरा दिवसांत परत आणून देशील, असं ग्रॅहम म्हणाला होता. ते त्यानं म्हणायला नको होतं.

"नाव काय ठेवणार?" मी विचारलं.

"वकील," काकू म्हणाल्या. "माझी केस हा लढवणार."

काकूंच्या घरात अंडंसुद्धा आलेलं नव्हतं. आता गॅरेजमध्ये वेगळा फ्रिज आला, वेगळी सुरी, वेगळी फळी. तिथे उभ्या राहून, पदरासारखी ओढणी नाकाला लावून, काकू डॉग रोलचे, म्हणजे कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या मांसाच्या लोळ्याचे, तुकडे करायच्या. मग हात धुवायच्या, पुन्हा धुवायच्या आणि घरात यायच्या. मी म्हटलं, "काकू, कशाला एवढा त्रास? नवं झाड लावा आणि त्याला पक्कं कुंपण घाला." तर म्हणाल्या, "कुंपण भित्र्या माणसांनी घालावं."

शिकवणं मात्र मन लावून चाललं होतं. लॅबमध्ये मुलांना प्रयोग करायला लावावा तसं. एका वेळी एकच गोष्ट, ती जमेपर्यंत दुसरी नाही. "बस." "थांब." "ये." ग्रॅहम सांगत होता की इंग्लिशमध्ये शिकव, म्हणजे दुसऱ्या कुणाचंही ऐकेल. काकूंना तो दुसऱ्या कुणाचं ऐकायलाच नको होता. घराच्या बोळात त्या मोज्याचा बोळा फेकायच्या. बोळ अरुंद, म्हणून पिल्लाला तो घेऊन काकूंकडे येण्यावाचून वाट नसायची. आल्यावर बोळा लगेच काढून घ्यायचा नाही, आधी पाठ थोपटायची, कौतुक करायचं, मग हात पुढे करायचा. घाईनं ओढून घेतलं की कुत्रा पुढच्या वेळी वस्तू लांब टाकतो किंवा घेऊन पळतो. मेंढ्यांच्या कळपातून त्या त्याला लांब दोरीवर रोज फिरवायच्या. इथे मेंढीमागे धावणाऱ्या कुत्र्याला शेतकरी गोळी घालू शकतो. वकिलानं मेंढीकडे नुसतं पाहिलं तरी काकू त्याला म्हणायच्या, "तिनं आपलं काही वाकडं केलेलं नाही."

मग सशाच्या कातड्याची वेळ आली. वाळवलेलं कातडं ग्रॅहमनं दिलं आणि काकूंनी ते मोज्याच्या बोळ्यावर शिवलं, रबरी हातमोजे घालून. वकिलानं पहिल्याच फेकीला ते तोंडात धरून आणून दिलं. मी टाळ्या वाजवल्या. काकूंनी त्याची पाठ थोपटली, कातडं घेतलं, आणि त्याला सरळ अंगणातल्या नळाखाली नेऊन तोंड, पाय, छाती साबणानं धुतली. थंड पाणी. मेलेल्या जनावराचं कातडं तोंडात धरलेला जीव न धुता घरात घ्यायचा, हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. आमच्या घरांत सलूनमधून आलेल्या नवऱ्यालाही कशाला हात लावू देत नाहीत, म्हणून मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

असं रोज चाललं. काही दिवसांनी वकील कातडं अर्ध्या वाटेत टाकायला लागला. मग जवळ जाऊन नुसता वास घेऊन परत यायला लागला. मग कातडं दिसलं की गॅरेजमध्ये जाऊन बसायला लागला. आणि मोठा झाल्यावर, कुरणात पहिला जिवंत ससा त्याच्या पुढ्यातून उड्या मारत गेला, तेव्हा वकिलानं सभ्य माणसासारखी मान दुसरीकडे फिरवली.

ग्रॅहम कुंपणाला रेलून हे बघत होता. तो इतका हसला की त्याला खोकला लागला. "शायला," तो म्हणाला, "तुझा कुत्रा सशांना घाबरतो." डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, दूध घ्यायला गेला तिथेही त्यानं हे चार लोकांना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दुकानदारानं माओरीत नमस्कार करून काकूंना विचारलं, "किया ओरा, बनीला घाबरणारा कुत्रा तुमचाच का?"

"लक्षात ठेवीन," काकू मराठीतच म्हणाल्या.

आठवडाभर त्या रोज कातडं टाकायच्या आणि कुत्र्याऐवजी कुत्र्याचे डोळे बघायच्या. एका सकाळी मला कुंपणापाशी बोलावून म्हणाल्या, "स्नेहल, हा कातड्याकडे बघतच नाही. हा नळाकडे बघतो." मग स्वतःवरच चिडून म्हणाल्या, "ससा धरला की गार पाण्याची अंघोळ, हे मी त्याला शिकवलंय. आणि तो किती छान शिकलाय बघ."

त्या दिवसापासून नळ बंद. पण विटाळ कुठे जाणार? काकूंनी त्यावरही तोडगा काढला. वकिलानं कातड्याला तोंड लावलं की त्याचं भरपूर कौतुक करायचं, त्यानं हात चाटले तर चाटू द्यायचे, आणि नंतर आत जाऊन स्वतः डोक्यावरून अंघोळ करायची. थंडीत, दिवसातून दोनदा सुद्धा. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून त्या पुन्हा बाहेर यायच्या आणि पुन्हा कातडं टाकायच्या. कातडं तोंडात धरायला वकिलाला पुन्हा सहा आठवडे लागले. मुकुंदकाकांचं दुसरं श्राद्ध याच काळात झालं. अमेयला तेव्हा कामामुळे येता आलं नाही, तो व्हिडिओ कॉलवर होता. काकू मध्येच उठून वकिलाला बाहेर सोडून आल्या.

पहिला ससा त्यांनी त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत धरला. पहाटे, दव पडलेलं असताना, बिळापासून लांब चरायला गेलेला ससा त्यांनी हेरला आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं गेल्या. ससा आणि बीळ यांच्या मध्ये पोहोचल्यावरच त्यांनी दोरी सोडली. वकील गेला. ससा वळला, वकीलही वळला, आणि पुढच्या क्षणी तो मान उंच धरून परत येत होता. चांगला लर्चर ससा मारत नाही, जिवंत आणून मालकाच्या हातात देतो. पुढचं मालकानं करायचं असतं. मला वाटलं, हे काही काकूंना जमायचं नाही. अंडं न फोडलेली बाई. त्यांनी आधी कुत्र्याची पाठ थोपटली, ससा घेतला, मागचे पाय एका हातात, मान दुसऱ्या हातात, एक हिसका. ग्रॅहमनं शिकवलं होतं तसं. मग वाकून सशाकडे थोडा वेळ बघितलं.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"बरं वाटलं," त्या म्हणाल्या. मला ते उत्तर फार आवडलं.

त्यानंतर काकू थांबल्याच नाहीत. आठवड्यातून तीन-चार सकाळी त्या आणि वकील कुरणात असायचे. मारलेला ससा त्या कुणाला द्यायच्या नाहीत. आमच्या ओळखीचं एक कुटुंब आवडीनं ससा खायचं, त्यांनी मागितलाही. काकूंनी साफ नाही म्हटलं. "खाल्ला की तो स्वयंपाक झाला," त्या म्हणाल्या. खड्डा खणून पुरायच्या, घरी येऊन अंघोळ करायच्या आणि मग देवपूजा. वकिलाची कीर्ती पसरली तसा ग्रॅहम फाटकाशी आला. त्याच्या कुत्र्यांची वयं झाली होती आणि त्याच्या कुरणाची सशांनी चाळण केली होती. एखाद्या सकाळी वकिलाला घेऊन येशील का, म्हणून त्यानं विचारलं.

"सॉरी ग्रॅहम," काकू म्हणाल्या, "माझा कुत्रा सशांना घाबरतो." एवढ्यावरही त्यांचं समाधान झालं नाही. आपल्या बाजूला एखादा ससा वकिलाच्या तावडीतून निसटायला लागला, की त्या मुद्दाम टाळ्या वाजवून त्याला ग्रॅहमच्या कुरणाकडे पिटाळायच्या.

हे सगळं बघताना मला मजा यायची, पण मनात एक गोष्ट सलत राहायची. इतके ससे मेले तरी काकूंचा राग तसूभर कमी होत नव्हता. रविवारचा फोन आला की त्या स्पीकरवर ठेवून भाजी निवडायच्या. "हो", "बरं", "जेवले". अमेय म्हणायचा, "आई, यू साउंड सो मच बेटर. कुत्र्यानं तुला बरं केलं." काकू म्हणायच्या, "हो."

तिसऱ्या श्राद्धाला अमेय आला, एकटाच. घर विकून काकूंनी आता ऑकलंडला यावं, हे बोलायला आला होता. जेवायला मीही होते. वडे, खीर, सगळं साग्रसंगीत झालं. दुपारी उन्हं कलायला लागली तशी काकूंनी जॅकेट चढवलं. "चल, वकिलाला बघ," त्या अमेयला म्हणाल्या. मी घरी जायला निघाले, तर म्हणाल्या, "तूही चल."

वकिलाला त्या दिवशी फार धावावं लागलं नाही. वाळलेल्या जर्दाळूपासून थोड्याच अंतरावर ससा चरत होता. अमेय "वाव" म्हणेपर्यंत तो काकूंच्या हातात होता, जिवंत, कान मागे पाडून धापा टाकत.

"आई, प्लीज," अमेय म्हणाला. "सोड त्याला. इनफ झालं आता. बाबांना हे आवडलं असतं का? आणि झाड खाणारा ससा हाच कशावरून? हे बिचारे भुकेले असतात. कुणी काही उघडं ठेवलं तर खाणारच ना."

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "उघडं कुणी ठेवलं?"

"म्हणजे?"

"फोटो काढायला जाळी कुणी काढली, अमेय?"

त्याला समजायला वेळ लागला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी खाली बघितलं. मग तो झाडाकडे वळला, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मी परत लावली नव्हती?"

"नाही."

"पण मग फोनवर मी तुलाच विचारलं की..."

"हो. मलाच विचारलंस."

"आई, तेव्हाच का नाही सांगितलंस? दोन वर्षं..." त्यानं पुन्हा झाडाकडे पाहिलं. "आय वुड हॅव..."

"तेव्हा सांगितलं असतं तर तू लगेच सॉरी म्हणाला असतास," काकू म्हणाल्या. "आणि तू माझा मुलगा. मला माफ करावं लागलं असतं."

वकील दोघांच्या मध्ये बसून होता. काकूंनी सशाची मान हिसक्यासरशी मोडली, अगदी सहज, आणि तो अमेयपुढे धरला. "धर."

अमेयनं धरला. ऑफिसचे बूट, इस्त्रीचा शर्ट आणि हातात मागच्या पायांनी लोंबणारा ससा, असा तो उभा राहिला. रडत होता. "सॉरी, आई," तो म्हणाला.

"ऐकलं," काकू म्हणाल्या.

मी तिथून निघाले. पुढच्याच महिन्यात माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही ऑकलंडला हललो. काकू काही फ्लॅट बुशला आल्या नाहीत. वर्षभरानं, झोपेतच, त्या त्याच घरात गेल्या. पण आजही डोळ्यांसमोर येतात त्या त्या संध्याकाळच्या काकू, आमच्या फाटकापाशी वळून मी बघितल्या तशा. काकू काकांच्या जॅकेटच्या खिशात हात घालून झाडापाशी उभ्या होत्या. अमेय कुदळीनं खड्डा खणत होता. थंडीनं जमीन दगडासारखी झाली होती आणि त्याला सवय नव्हती. थोडं खणून तो थांबला, कंबर सरळ केली आणि एवढं पुरे का, असं काहीतरी त्यांना विचारलं. काकूंनी वाकून खड्ड्यात बघितलं. मग मान हलवली, नाही म्हणून, आणि तो पुन्हा खणायला लागला.